मॉनिटर १०२४ बाय ७६८ वरच अडला तर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुना फुल एचडी मॉनिटर आणि स्वस्तातली व्हीजीए केबल आणली, की लिनक्सवर मॉनिटर मोठं रिझोल्यूशन दाखवतच नाही, हा प्रकार बऱ्याचदा दिसतो. ड्रायव्हरला दोष देण्याआधी केबल बदलून बघा. व्हीजीएच्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून मॉनिटर आपल्याला कोणती रिझोल्यूशन चालतात ही माहिती, म्हणजे ईडीआयडी, पाठवतो. स्वस्त केबलमध्ये या तारा कधीकधी नसतातच. मग एक्स सर्व्हर, म्हणजे लिनक्सवर स्क्रीन सांभाळणारा प्रोग्राम, अंदाजाने छोटं रिझोल्यूशन धरतो.

केबल बदलायची नसेल तर टर्मिनलमध्ये ‘सीव्हीटी १९२० १०८० ६०’ चालवा. १७३ मेगाहर्ट्झची मोडलाइन, म्हणजे त्या रिझोल्यूशनचे आकडे असलेली ओळ, मिळेल. ती एक्सरँडर या स्क्रीन बदलायच्या कमांडच्या न्यूमोड पर्यायाला द्या, अ‍ॅडमोडने आउटपुटला, म्हणजे मॉनिटर लावलेल्या पोर्टला, जोडा, मग निवडा. आउटपुटचं नाव आधी नुसतं एक्सरँडर चालवून बघा: एका ड्रायव्हरमध्ये ते ‘व्हीजीए-१’ असतं, दुसऱ्यात मधली रेघ नसते, आणि निम्मे लोक इथेच अडकतात.

हे लॉगआउटनंतर उडतं. कायमचं हवं तर एक्सऑर्गच्या, म्हणजे त्याच एक्स सर्व्हरच्या, कॉन्फ डी फोल्डरात तीच मोडलाइन असलेली मॉनिटर सेक्शनची छोटी फाइल ठेवा. आयडेंटिफायर म्हणजे तेच आउटपुटचं नाव, आणि प्रेफर्डमोड, म्हणजे आपोआप निवडायचा मोड, लिहायला विसरू नका. अख्खी एक्सऑर्ग कॉन्फ लिहायची गरज नाही.

एक्स सर्व्हरऐवजी वेलँड वापरणाऱ्या सेशनमध्ये मात्र एक्सरँडर आणि कॉन्फ डीची ही युक्ती चालत नाही.