औषधाच्या बाटलीचे टोपण

गेल्या आठवड्यात एका दुपारी थर्मामीटरची बटणाएवढी बॅटरी शोधताना स्वयंपाकघरातला सर्वांत खालचा खण उपसावा लागला. बॅटरी काही सापडली नाही, पण औषधांच्या बाटल्यांवरची मापाची प्लॅस्टिकची टोपणे सापडली आणि ती मोजली तेव्हा अकरा भरली. दोनांचा तळ गुलाबी झालेला होता, एकाला वाळलेल्या सिरपचा चिकटपणा होता आणि एकात, का कोण जाणे, मोहरीचे चार दाणे होते. बाटल्या केव्हाच कचऱ्यात गेल्या. टोपणे मात्र आमच्या घरात कोणीच टाकत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

श्रावण लागला की आमच्या सोसायटीतली मुले पाळीपाळीने आजारी पडतात. एकाच्या नाकाला धार लागली की तिसऱ्या दिवशी समोरच्या दारातून खोकला ऐकू येतो. यंदा साडेचार वर्षांच्या आमच्या नातीला आधी ताप आला आणि दुसऱ्या दिवशी तळहातांवर, तळपायांवर आणि तोंडाच्या आत बारीक फोड दिसू लागले. बालवाडीतल्या निम्म्या वर्गाला हेच झाले होते. मुलगा आणि सून कामावर जाणारे, तेव्हा दिवसपाळी माझ्याकडे आली. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की हा विषाणूंचा आजार आहे, बहुतेकांत कॉक्सॅकी नावाच्या विषाणूंचा. त्याच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, सात ते दहा दिवसांत तो आपला आपण ओसरतो, आपण फक्त ताप सांभाळायचा आणि पोटात पाणी जाते आहे ना, लघवी होते आहे ना, एवढे पाहायचे. तोंडात फोड असल्यामुळे गरम काही देऊ नका, गार दूध द्या, दहीभात द्या, हवे तर आइसक्रीमही द्या, असे त्या म्हणाल्या. तापात आइसक्रीम! मेतकूट घातलेल्या गुरगुट्या भातावर आणि कपाळावरच्या कोलनवॉटरच्या घड्यांवर वाढलेल्या माणसाने हे ऐकून घ्यावे आणि मान डोलवावी, याला काय म्हणावे? मी मान डोलवली आणि परत येताना दुकानातून एक कप आणला.

औषधाचे मात्र त्यांनी दोनदा बजावले. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नसतो, वजनावर असतो: किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅम, आणि दोन डोसांमध्ये निदान चार तासांचे अंतर. शिवाय बाजारात एकाच औषधाच्या दोन शक्ती मिळतात. एका बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये सव्वाशेच्या आसपास मिलिग्रॅम असतात, तर दुसरीत अडीचशे. बाटली पाहिली नाही तर निमपट नाहीतर दुप्पट औषध पोटात जायचे. सतरा किलोच्या आमच्या नातीसाठी मोठ्या शक्तीचे पाच मिलिलिटर ठरले. मी टोपण डोळ्यांच्या रेषेत धरून, चष्मा वर-खाली करून, पाचाच्या खुणेपर्यंत औषध ओतत असे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, वेळ आणि ताप लिहीत असे. पहाटे दोन दहा, एकशे एक पूर्णांक आठ. एखाद्या जकातनाक्यावरचा कारकूनही इतका नेमस्त नसेल.

माझ्या लहानपणी, वाईला, औषध आणायला जायचे तर बाटली घरूनच न्यावी लागे. एका हातात आईचे बोट आणि दुसऱ्या हातात बूच लावलेली धुतलेली बाटली, असा पावसातून दवाखान्यात गेलेला मी मला अजून दिसतो. डॉक्टर जीभ पाहून चिठ्ठी लिहीत, पण आमचे सगळे लक्ष आतल्या खिडकीपलीकडच्या कंपाउंडरकडे असे. तो मोठ्या बरणीतले लाल मिक्श्चर बाटलीत ओती आणि मग खरी गंमत करी: पांढऱ्या कागदाची अरुंद पट्टी उभी दुमडून, तिच्या कडेला कात्रीने सहा खाचा पाडून, ती उलगडून खळीने बाटलीवर चिकटवी. एक खाच म्हणजे एक डोस. किती मिलिलिटर, कशाचे, कोणत्या वजनाला, हे विचारायची पद्धत नव्हती. बाटली हलवून घ्यायची आणि तिरकी करून खाचेपर्यंत उतरेल तेवढे वाटीत घ्यायचे. तळाशी साका बसत असल्यामुळे शेवटचा डोस सर्वांत कडू लागे, आणि त्यानेच आपण बरे झालो असे आम्हांला वाटे.

असाच एक डोस चुकवण्यासाठी मी एकदा, आई अंगणात गेलेली पाहून, वाटीतले औषध मोरीत ओतले आणि तोंड वाकडे करून बसलो. मोरीच्या दगडावर लाल ओघळ राहिला आहे, हे काही मला दिसले नाही. आईने तो पाहिला असणार. ती काहीच बोलली नाही. तिने बाटली हलवली, पुन्हा एक खाच उतरवली, वाटी माझ्या ओठांना लावली आणि म्हणाली, "मोरीचा ताप उतरला, आता तुझा." औषध एक खाच आधीच संपले आणि एक डोस कमी पडला म्हणून आई पुन्हा दवाखान्यात गेली. पाऊस होता. परत आली तेव्हा पदराच्या टोकाने तिने आधी बाटली पुसली.

आता बाटली संपण्याचा प्रश्नच येत नाही. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, औषध दोन-तृतीयांश उरते आणि फ्रिजच्या डोक्यावर बसून मुदत संपण्याची वाट पाहते. आमच्याकडेही तसेच झाले. चौथ्या दिवशी नातीने दहीभात ढकलून दिला आणि भजी मागितली, तेव्हा कॅलेंडरवरचे माझे लिखाण मी थांबवले. फोडांचे डाग अजून होते, बालवाडीला आणखी काही दिवस सुट्टीच होती, म्हणून खणातली अकरा टोपणे मी तिला खेळायला धुऊन दिली. भातुकलीत त्यांचे पेले झाले, मग बाहुलीला ताप आला आणि पेल्यांचा दवाखाना झाला.

त्या संध्याकाळी माझाही घसा खवखवू लागला होता. खुर्चीत डोळे मिटून बसलो असताना कपाळावर एक लहानसा हात टेकला, आधी तळवा आणि मग उलटा, अगदी तिची आजी टेकवते तसा. नळाचे पाणी भरलेले टोपण डोळ्यांसमोर धरून, एक डोळा बारीक करून, तिने पाचाची खूण तपासली.

"आबा, आ कर."

माझे वजन अडुसष्ट किलो आहे. त्या हिशेबाने अशी चार तरी टोपणे लागली असती. मी आ केला.