तुम्ही विचारलंत म्हणून: किमोवर का नाही भागवलं?

हळदीकुंकवाला, लिफ्टमध्ये, बँकेच्या लायनीत, सगळीकडे तेच. 'अगं पण आख्खा आवाजच का काढू दिलास, किमो-रेडिएशनने नसतं का भागलं?' आणि मागोमाग जरा हळू आवाजात, 'मिश्री वगैरे लावायचीस का?' नाही लावायचे. आता एकदाच सांगते, कॅन्सरसाठी स्वरयंत्र का काढू दिलं ते.

मला झाला तो कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे स्वरयंत्राच्या कूर्चेचा (मऊ हाडाचा) कॅन्सर. स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये तो १ टक्क्याहूनही कमी, त्यातही बायकांना आणखी कमी. तंबाखूवाला तो वेगळा. ह्याला किमो फारसा लागू पडत नाही, रेडिएशनचाही भरवसा कमी, कापून काढणं हाच मुख्य उपाय. हे काही मी ठरवलेलं नाही.

पण कुठला रस्ता धरायचा ते मीच ठरवलं, तेही खरंय.

परळला ओपीडीत डॉक्टरांनी फाइलच्या मागे पेनाने अंगठीसारखा गोल काढला. म्हणाले, श्वासाच्या वाटेत पूर्ण गोल कूर्चा ही एकच, क्रिकॉइड, आणि तुमची गाठ हिच्याच मागच्या बाजूला, बरीचशी काढावी लागली तर वाट उघडी राहणार नाही. मग दोन रस्ते. एक, तोंडातून दुर्बिणीने गाठ खरवडायची, आवाज राहील, पण ती परत वाढणार आणि परत खरवडायची. नाहीतर सगळं स्वरयंत्र काढायचं आणि श्वास घ्यायला गळ्याला कायमचं भोक. ह्यांनी विचारलं, '६ महिने थांबलो तर?' मला वाटलं आता डॉक्टर ओरडणार. ते शांतपणे म्हणाले, 'थांबता येईल, ही सावकाश वाढते. फक्त श्वास अडकला तर रात्री-अपरात्री धावत यावं लागेल.' हे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी काय विचारलं, तर भोक पाडल्यावर आंघोळ कशी करायची. म्हणजे माझं ठरलं होतं बहुतेक. किंवा काहीच ठरलं नव्हतं आणि घाबरून तोंडाला येईल ते बोलले.

धीराची वगैरे म्हणू नका प्लीज. त्याआधी दमा समजून पंप ओढत होते, आडवं झालं की घशात शिट्टी वाजायची. मला फक्त झोपायचं होतं.

ऑपरेशननंतर वॉर्डात मी सगळ्यांना पाटीवर लिहून दाखवायचे, 'आवाजाचं काय, जीव वाचला ना.' त्या बाईला आता जरा लोकलमध्ये चढवावंसं वाटतं. वॉल्व्ह बसवलाय, गळ्याच्या भोकावर बोट दाबलं की बोलता येतं, पण एका हातात पिशवी असली की दुसऱ्या हाताने दांडी धरायची की 'दादरला उतरणार का' विचारायचं? गरम चहा फुंकता येत नाही, वास जवळपास गेलाच. कस्टमर केअरवाली मुलगी मला 'सर' म्हणते (मीही आता दुरुस्त करत नाही, तेवढंच काम लवकर होतं).

हे अजून म्हणतात थांबायला हवं होतं, वर्ष-दोन वर्षं तरी आवाज राहिला असता. राहिलाही असता. मी म्हणते, मी उशांना टेकून रात्र रात्र बसून काढायचे तेव्हा तुम्ही घोरत होतात. मग ते गप्प बसतात, आणि ते गप्प बसले की मला वाटायला लागतं, त्यांचंच बरोबर असेल.