इकारियाच्या चढावर पहिलं पुस्तक

अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून निघालेली बोट इकारिया या ग्रीक बेटाला पोचायला सात-आठ तास घेते. उन्हाळ्यात मेल्तेमी वारा जोरात असला, तर ती बंदरातून हलतच नाही. बेट तसं लहान, जेमतेम अडीचशे चौरस किलोमीटरचं. पण मधून अथेरास डोंगराची हजार मीटर उंचीची धार गेली आहे आणि गावं तिच्या दोन्ही अंगांना चिकटून आहेत. एव्दिलोसच्या धक्क्यावर उतरलं की रस्ता लगेच वर चढू लागतो आणि मग चढतच राहतो.

ग्रीक खेड्यातलं जुनं जगणं आणि तिथल्या माणसांचं आरोग्य यावर मी मराठीत पुस्तक लिहितेय. माझं पहिलंच पुस्तक. पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना 'ऑलिव्ह तेल सुरू करू का?' हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो. ते तेल ज्या घरांत रोजचं आहे त्या घरांत दिवस कसा उगवतो, काय कामं होतात, कोण कोणासोबत जेवतं, हे कोणी विचारत नाही. मला तेच लिहायचं होतं. म्हणून पुस्तकाचं पहिलं प्रकरण चढाचं आहे, जेवणाचं प्रकरण बरंच नंतर येतं.

इथली घरं एकमेकांपासून लांब-लांब का, याचं उत्तर इतिहासात मिळतं. एजियन समुद्रात चाच्यांचा सुळसुळाट होता त्या काळात इकारियाच्या लोकांनी किनारे सोडले आणि डोंगरात, मोठाल्या खडकांच्या आडोशाला घरं बांधली. छप्पर दगडी पाट्यांचं, एका बाजूला उतरतं. धुरावरून माग लागू नये म्हणून धुराडं नाही. चाचे गेले, पण गावांची ती विखुरलेली ठेवण राहिली. त्यामुळे शेजारणीकडे जायचं तरी एक उतार आणि एक चढ आलाच. मी क्रिस्तोस राहेस या गावाजवळ जिच्या घरी राहिले ती आजी नव्वदीची आहे. शेळ्यांना चारा घालायला, कोंबड्यांना कोंडायला, खालच्या पायरीच्या शेतातल्या टोमॅटोला पाणी द्यायला ती दिवसभर पायऱ्या चढते-उतरते. डोंगर कापून दगडी बांध घातलेल्या या शेतांना बांध जितका, तितकीच जमीन. 'व्यायाम' म्हणून वेगळा वेळ काढावा असं तिच्या दिवसात काही नाही. दुपारी मात्र ती न चुकता झोपते. त्या वेळी सगळं गावच झोपलेलं असतं. दुकानं उघडतात ती सावकाश, आणि राहेसमध्ये तर रात्री उशिरापर्यंत चालू असतात.

२००९ मध्ये अथेन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी या बेटावर मोठी पाहणी केली. ऐंशीच्या पुढच्या ८९ पुरुषांची आणि ९८ स्त्रियांची माहिती त्यांनी वेगळी मांडली. रोजच्या हालचाली, दुपारची झोप, लोकांत मिसळणं आणि नैराश्याचं अगदी कमी प्रमाण या गोष्टी त्यात ठळकपणे दिसल्या. इकारियाची गणना जगातल्या दीर्घायुषी प्रदेशांत होते, पण अशा दाव्यांबद्दल शंका घेणारेही आहेत. सॉल न्यूमन या संशोधकाने जन्मनोंदींतले घोळ आणि पेन्शनसाठी दडवलेले मृत्यू यांच्याकडे बोट दाखवलं आहे. ही शंका मला रास्त वाटते. म्हणून शंभरी गाठण्याचं रहस्य वगैरे मी पुस्तकात ठेवलेलं नाही आणि कोणाच्याही वयाचा आकडा पुरावा म्हणून वापरलेला नाही. नव्वदीची बाई डोक्यावरून चाऱ्याचा भारा आणते एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि मला तेवढं पुरतं.

जेवणाकडे वळायचं तर आधी क्रीट या दुसऱ्या ग्रीक बेटाला जावं लागतं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, तिथल्या लोकांचं राहणीमान कसं सुधारेल हे शोधायला रॉकफेलर फाउंडेशनची माणसं आली. त्यांनी घराघरांतलं अन्न मोजलं. भाकरी, कडधान्यं, रानभाज्या, फळं, भरपूर ऑलिव्ह तेल. मांस, दूध आणि मासे थोडेच. पुढे अमेरिकन संशोधक अँसेल कीज यांच्या सात देशांच्या अभ्यासात १९६० पासून क्रीटच्या खेड्यांतल्या चाळीस ते एकोणसाठ वयाच्या पुरुषांच्या नोंदी ठेवल्या गेल्या आणि त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू फारच कमी निघाले. भूमध्य आहाराची कीर्ती सुरू झाली ती इथून. पण पहिल्या पाहणीतली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: त्या लोकांना स्वतःला अजून मांस हवं होतं. त्यांचा आहार त्यांनी निवडलेला नव्हता, परिस्थितीने त्यांना दिलेला होता.

इकारियातही तेच. १९४१-४२ च्या हिवाळ्यात बेट इटालियन सैन्याच्या ताब्यात होतं आणि खायला काही उरलं नव्हतं. कितीतरी माणसं भुकेने गेली, कितीतरी होड्यांतून तुर्कस्तानच्या किनाऱ्याला पळाली. आजी तेव्हा लहान होती. तिची आई डोंगरातून पाला खुडून आणायची आणि नुसता उकडून वाढायची. आज तोच उकडलेला पाला, होर्ता, लिंबू आणि तेल घालून शहरातल्या हॉटेलांत आरोग्यदायी म्हणून मिळतो. आजीला तो आवडतो, पण त्याचं कौतुक केलेलं तिला आवडत नाही. मी एकदा फार भरभरून बोलले तेव्हा ती म्हणाली, "पोरी, भूक होती ती." हे वाक्य पुस्तकात जसंच्या तसं आहे.

तिच्या टोमॅटोच्या वाफ्यात जमिनीसरपट एक मांसल पानांची भाजी पसरली होती. तिथे तिला ग्लिस्त्रिदा म्हणतात. मी वाकून पाहिलं तर ती आपली घोळ! पावसाळ्यात आपल्याकडे डाळ किंवा ताक घालून करतात तीच, आंबूस चवीची. आजी ती कच्चीच टोमॅटो-कांद्यात चिरून घालते आणि उरलेली कोंबड्यांना टाकते. मूळच्या ग्रीक असलेल्या डॉक्टर आर्तेमिस सिमोपूलोस यांनी १९८६ मध्ये दाखवून दिलं की या भाजीत ओमेगा-३ प्रकारातलं मेदाम्ल चांगल्या प्रमाणात असतं. ती खाणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांतही ते उतरतं, हे त्यांनीच पुढे तपासलं. पुण्याच्या मंडईत घोळ घेऊन बसणारी बाई आता शोधावी लागते, आणि तिच्यापुढून माणसं महागड्या तेलाच्या बाटल्या घेऊन जातात. याचं मला खरंच वाईट वाटतं. या भाजीला मी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

माझा मुक्काम ऑगस्टात होता, त्यामुळे उपासही पाहायला मिळाला. १ ते १४ ऑगस्ट मरियेचा, म्हणजे येशूच्या आईचा, उपास. मांस, दूध, चीज, अंडी आणि मासे बंद; फक्त सहा तारखेला मासे चालतात. असे उपास वर्षभर येतात: ईस्टरच्या आधी सुमारे सात आठवडे, नाताळच्या आधी चाळीस दिवस, शिवाय बहुतेक बुधवार-शुक्रवार. कडक पाळणाऱ्याचं जवळजवळ निम्मं वर्ष असं जातं, आणि कित्येक दिवस तेलसुद्धा वर्ज्य असतं. आजीच्या घरी त्या पंधरवड्यात चवळी, भाज्यांचं सूफिको, भाकरी आणि अंजिरं एवढंच होतं. आपल्या उपासाच्या ताटाशी मी मनात तुलना करत राहिले. आपण उपासाला पदार्थ बदलतो. साबुदाणा, शेंगदाणे, तूप, बटाटा येतो आणि ताट कधीकधी रोजच्याहून जड होतं. तिथे ताटातून काढून घेतलं जातं, बदल्यात वेगळं काही येत नाही. आपल्याकडेही वरई-भाजीवर निभावणारी माणसं आहेत, पण आपण आहारतज्ज्ञांनी उपासाकडे या नजरेने पुरेसं पाहिलेलं नाही असं मला वाटतं.

आणि मग पंधरा तारखेचा पानिगिरी, म्हणजे गावजत्रा. लांगादाच्या मोकळ्या रानात मोठाल्या कढयांत बकरा शिजतो, भाकरी आणि गावची काळपट वाइन येते, लांब बाकांवर ओळखीचे-अनोळखी मांडीला मांडी लावून बसतात. व्हायोलिन सुरू झालं की एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून गोल वाढत जातो. नातू, आजोबा, अथेन्सहून आलेल्या नोकरदार मुली, सगळे एकाच गोलात, पहाटेपर्यंत. जेवण-वाइनच्या विक्रीतून जमलेला पैसा गावाच्या रस्त्याला, शाळेला, देवळाच्या डागडुजीला जातो. त्या जेवणात किती कॅलरी होत्या हे मी मोजलं नाही. एका पाठोपाठ येणारा उपास आणि सण, आणि दोन्ही सगळ्या गावाने मिळून पाळायचे, हा मला त्या बेटावर सापडलेला सर्वांत मोलाचा धागा आहे.

हा धागा तुटला की काय होतं तेही ग्रीसमध्येच दिसतं. लहान मुलांच्या लठ्ठपणात हा देश आज युरोपात वरच्या क्रमांकांत आहे. ऑलिव्ह तेल त्या घरांतही आहे, आजीच्या स्वयंपाकघरात आहे तेच. चढ, बुधवार-शुक्रवारचे उपास, दुपारची झोप आणि खालचं पायरीचं शेत गेलं आहे.

शेवटचं प्रकरण अजून लिहून व्हायचंय, आणि ते आजीच्या सुनेचं आहे. ती एव्दिलोसला नोकरी करते, गाडीने जाते-येते. एका संध्याकाळी भांडी विसळताना ती मला म्हणाली, "सासूबाईंबद्दल लिहा, जरूर लिहा. पण त्यांच्यासारखं जगा म्हणून कोणाला सांगू नका. त्यांची पाठ पाहिलीत ना?" पाठ मी पाहिली होती. भारे वाहून वाकलेली, दोन माणसांच्या आधाराशिवाय अंथरुणातून न उठणारी, आणि उठल्यावर दिवसभर न थांबणारी. त्या आरोग्याची ही किंमतही पुस्तकात आली पाहिजे, आणि ती सुनेच्या तोंडून आली पाहिजे. ऑलिव्हच्या काढणीला, नोव्हेंबरात, मी पुन्हा जातेय. तेव्हा ती रजेवर असते आणि झाडांखाली जाळी पसरायला तिला एक माणूस कमीच पडतो. काम करता करता बोलू, असं आमचं ठरलंय.