तुम्ही विचारलंत म्हणून: पिशवी का नाही काढली

गेल्या महिन्यात चौघींनी विचारलं. त्यातल्या तिघींनी तर ब्लाउजचं माप देताना, हात वर करून उभ्या असताना. “ताई, तुम्हाला अंगावरून एवढं जायचं, मग गर्भाची पिशवी काढून का नाही टाकलीत?” आमच्या देवगडात हाच प्रश्न मालवणीतून आला की त्याला धार चढते. “कित्याक ठेवलंस गो ती? काढून टाकलं असतंस तर सुटलं असतंस.” दर वेळी माझ्या तोंडात टाचण्या असतात, म्हणून मी नुसतं हुं करते. आज टाचण्या डबीत ठेवल्यात.

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी पाळी बिघडली. दोन-दोन महिने यायची नाही आणि आली की दहा-बारा दिवस हटायची नाही. मशीनच्या स्टुलावर जुनी गोधडी चौघडी घालून बसायचे, परकर काळाच. पडवीच्या तीन पायऱ्या चढताना धाप लागायला लागली तेव्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात पॉइंट चार. बायकांचं ते बारा तरी असावं लागतं, हे मला तेव्हा कळलं.

एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पिशवीत तीन सेंटिमीटरची गाठ आणि पिशवीचं आतलं अस्तर जाड. “मुलं झालीत, वय झालं, आता तिचा उपयोग काय?” असं म्हणून पुढच्या गुरुवारची तारीखही मिळाली. मी हो म्हणून आले. खोटं कशाला बोलू, हलकंच वाटलं. गणपती तोंडावर होते आणि पहिला विचार आला तो हा, की आता पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सुटतील. (आमच्याकडे चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात मेडिकलवाल्याला गोळीचं नाव सांगावं लागत नाही. नुसतं “त्या द्या” म्हटलं की तो पाकीट काढतो.)

अडवलं ते माझ्या मोठ्या जावेने. तिची छत्तिसाव्या वर्षीच काढली होती, बीजकोशांसकट. ते सोबत काढलेत हे तिला घरी आल्यावर कागद वाचून कळलं. बीजकोश गेले की इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन बनणं जवळजवळ थांबतं, त्यामुळे जे बदल चार-पाच वर्षांत सावकाश व्हायचे ते तिला आठवड्याभरात झाले. रात्री उशी भिजायची, झोप नाही, चिडचिड. घरातले म्हणायचे, ऑपरेशनने हिचा स्वभाव बदलला. ती मला एवढंच म्हणाली, “कित्याक काढतत, ता आधी इचार.”

विचारायला मी फोंडाघाटातून कोल्हापूरला गेले. एसटीत बसताना खाली प्लॅस्टिक, त्यावर टॉवेल, आणि पूर्ण वाटभर जीव मुठीत. तिथल्या डॉक्टरबाईंनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, “अस्तर जाड झालंय म्हणजे काय झालंय, कोणी सांगितलं का?” अस्तर हा शब्द मला कोण सांगणार! मी रोज लावते. त्या म्हणाल्या, पाळी जायच्या आधीच्या काही वर्षांत दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही. बीज सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन तयार होत नाही, आणि इस्ट्रोजेन एकटंच अस्तरावर थर चढवत राहतं. मग कधीतरी ते सगळं एकदम निघतं, म्हणून एवढं जातं. माझी गाठ रक्तस्रावाचं मोठं कारण दिसत नव्हती. पण त्या अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय गोळीही द्यायची नाही आणि काढायचंही नाही, असं त्यांचं म्हणणं. कर्करोग नाही ना, ते आधी बघायचं. तुकडा काढताना दुखलं, पाळीच्या कळेपेक्षा जास्त. रिपोर्ट स्वच्छ आला.

मग प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या काही महिने आणि लोहाच्या गोळ्या त्याहून जास्त महिने. माझ्या मावसबहिणीला तशाच त्रासावर हार्मोनची तांबी बसवली. तिला तांबी म्हणतात खरं, पण त्यात तांबं नसतं. ती आतल्या आत थोडं थोडं औषध सोडते, पाच-पाच वर्षं चालते. हा पर्याय आपल्या बायकांना फार उशिरा कळतो. मला तर कळलाच नव्हता.

गाठ अजून आहे तिथे आहे. पाळी गेल्यावर अशा गाठी बहुधा आपणच आक्रसतात, त्यांना इस्ट्रोजेनचं खाणं मिळत नाही म्हणून.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांची बातमी पेपरात आली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी जवळजवळ १४ हजारांची पिशवी काढलेली होती, पुष्कळशा तरुणच. तो पेपर मी कापड गुंडाळायला वापरला नाही.

तर पाळी गेली ती एकावन्नाव्या वर्षी, आपली आपण. गेली असं कधी म्हणायचं? सलग बारा महिने आली नाही की. त्याआधी सहा महिन्यांनी आली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि सुटले म्हणाल तर, छे! मे महिना, लग्नसराई, लाईट गेलेली. मी एका नवरीचं चिंतामणी रंगाचं सिल्क कापत होते. छातीतून वाफ उठली, गळ्यावर आली, कान तापले, आणि हनुवटीवरून एक थेंब टपकन कापडावर पडला. सिल्कवरचा घामाचा डाग जात नाही. साडीतलाच पीस तो, दुसरा कुठून आणणार? डाग काखेच्या आत जाईल अशा बेताने कापड फिरवलं आणि बाहीची लांबी दोन बोटं कमी केली. नवरीला सांगितलं, हीच फॅशन आहे. (ती हे वाचत असेल तर माफ कर बाय.)

ही वाफ हवेच्या उष्म्याची नसते, जरी आपल्याकडे दोन्ही एकत्रच येतात. इस्ट्रोजेन उतरलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र फार हळवं होतं. जराशा उबेनेही त्याला वाटतं अंग तापलं, आणि ते घाम काढतं. माझं सुती कपडे, संध्याकाळनंतरचा चहा बंद आणि उशाशी पंखा एवढ्यावर भागलं. भागत नसेल तर हार्मोनची औषधं आहेत. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर सगळ्यांनी त्यांची धास्ती घेतली. आता साठीच्या आतल्या आणि पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या बहुतेकींना त्रास मोठा असेल तर फायदा जास्त, असं तज्ज्ञ मानतात. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेलेल्यांची गोष्ट वेगळी. हे डॉक्टरांशीच बोलायचं, माझ्याशी नाही.

माझ्याशी बोलायचं ते हाडांबद्दल, कारण ती मला वहीत दिसतात. मापाच्या वह्या मी टाकत नाही. साठीतल्या एका काकींचं वीस वर्षांचं माप माझ्याकडे आहे. कंबर वाढली, ती सगळ्यांचीच वाढते. पण त्यांच्या ब्लाउजची पुढची उंची दर दोन-तीन वर्षांनी कमी होत गेलीय आणि पाठीची वाढत गेलीय. म्हणजे बाई पुढे वाकतेय. आधी मला वाटायचं मीच चुकीचं माप घेते. मग कळलं की पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडं झपाट्याने विरळ होतात आणि मणके न पडता-झडताही दबतात. जावेची पाठ तर पंचेचाळिशीतच वाकायला लागली. तिचं पान काढलं की मला गुरुवारची ती तारीख आठवते. मी नाचणी पूर्वीपासून खायचे, आता मोतकी मासळी काट्यांसकट खाते आणि सकाळी किल्ल्यापर्यंत चालून येते.

पिशवी कधीच काढू नये, असं मी म्हणत नाही. आमच्या वाडीतल्या एकीला पाळी जाऊन चार वर्षं झाल्यावर पुन्हा डाग दिसला. ती खूश, “परत तरणी झालंय” म्हणून हसत सांगत होती. सात महिने घालवले तिने. कर्करोग निघाला, पिशवी काढली, आज ती बरी आहे. बारा महिने उलटल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं. यात माझं मत वगैरे काही नाही.

परवा जिने विचारलं ती बेचाळीस वर्षांची आहे. तिलाही तारीख मिळालीय, पुढच्या सोमवारची. अस्तराचा तुकडा तपासला का, विचारलं तर म्हणाली, कसला तुकडा? मी तिला डॉक्टरबाईंचा नंबर लिहून दिला, मापाच्या चिठ्ठीमागे. ब्लाउज शिवून तयार आहे. ती अजून न्यायला आलेली नाही.