स्टुटगार्टमधला आमचा शेवटचा डिसेंबर

दिवाळीचा फराळ तुळशीच्या लग्नापर्यंत कसाबसा पुरतो, आणि त्यानंतर धुऊन पुसून ठेवलेले डबे आमच्या घरात फार दिवस रिकामे राहत नाहीत. नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाला जर्मनीत आडव्हेंट म्हणतात. त्यातला पहिला रविवार नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला येतो आणि तेव्हापासून घरोघरी लहान लहान बिस्किटे भाजली जाऊ लागतात. स्टुटगार्टच्या आसपासच्या श्वाबेन भागात त्यांना गुट्सले म्हणतात. चकलीच्या डब्यात दालचिनीच्या चांदण्या, चिवड्याच्या डब्यात व्हॅनिलाच्या चंद्रकोरी आणि लाडवांच्या डब्यात लेबकुखन नावाची मसालेदार बिस्किटे, अशी आमच्याकडची वाटणी मुलांनीच ठरवलेली आहे आणि तीत बदल केलेला त्यांना खपत नाही.

यंदा मात्र हे सगळे या घरात शेवटचे झाले. पत्नीला हॅम्बुर्गमध्ये चांगली नोकरी मिळाली असून जानेवारीच्या अखेरीस आम्ही तिकडे राहायला जात आहोत. आमची मुलगी दुसरीत आहे, मुलगा बालवाडीत आहे, आणि दोघांचाही जन्म इथलाच. मुलांना आपले सण कळतात का, हा नाशिकच्या नातेवाइकांचा फोनवरचा नेहमीचा प्रश्न. आता त्यात पुन्हा नव्या गावी मुलांचे कसे होणार, या काळजीची भर पडली आहे. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मला आमच्या स्वयंपाकघरात सापडतात, म्हणून या डिसेंबरविषयी जरा सविस्तर लिहितो.

स्टुटगार्ट आणि मुंबई ही 1968 पासून भगिनी-शहरे आहेत, आणि मोटारींच्या कारखान्यांमुळे पुण्या-मुंबईचे कितीतरी अभियंते इथे येऊन स्थिरावले आहेत. त्यामुळे गणपतीला आरतीसाठी माणसे कमी पडत नाहीत. पण मुलांचा रोजचा दिवस मराठी मंडळात जात नाही. तो शाळेत, बालवाडीत आणि जिन्यातल्या शेजाऱ्यांमध्ये जातो. डिसेंबरमध्ये या तिन्ही ठिकाणी भाजलेल्या लोण्याचा आणि दालचिनीचा वास असतो. ज्या वासात आपली मुले वाढत आहेत, तो आपल्याही घरातून यावा असे आम्हा दोघांना वाटले आणि त्यातून ही प्रथा सुरू झाली.

सुरुवात दालचिनीच्या चांदण्यांपासून होते, कारण त्या डब्यात मुरल्यावर अधिक चांगल्या लागतात. त्यांत मैदा अजिबात नसतो. बदामाची पूड, पिठीसाखर, दालचिनी आणि अंड्यातले फेटलेले पांढरे एवढ्यावर सगळे जमते. हा गोळा इतका चिकट असतो की लाटताना पोळपाटावर पिठाऐवजी साखर किंवा बदामाची पूड भुरभुरावी लागते आणि साचा दर वेळी ओला करून घ्यावा लागतो. वरून साखर आणि पांढऱ्याचा थर प्रत्येक चांदणीच्या पाचही टोकांपर्यंत ब्रशने पोहोचवायचा, हे काम मुलीचे. मंद आचेवर भाजताना तो थर पांढराच राहिला पाहिजे. त्याला तपकिरी झाक आली की ती चांदणी वेगळ्या ताटलीत जाते आणि ती ताटली लगेच रिकामी होते.

माझ्या मनाला सर्वांत जवळची गोष्ट मात्र श्प्रिट्सगेबेकची. लोणी, साखर, मैदा आणि अंडे यांचे मऊ पीठ दाबून पाडलेली ही बिस्किटे इथे खिमा काढायच्या यंत्राला नक्षीची पट्टी जोडून किंवा दाबयंत्राने पाडतात. आमच्याकडे आईने दिलेला पितळी सोऱ्या होता. त्यात चकलीची चांदणीच्या भोकाची चकती बसवली, पीठ भरले आणि दांडा फिरवला, तर अगदी इथल्यासारखीच रेघारेघांची लांब पट्टी बाहेर आली. पीठ फ्रीजमधून काढल्या काढल्या भरले तर दांडा हलत नाही आणि फार वेळ बाहेर राहिले तर भट्टीत रेघा बुजतात. यामधली वेळ साधावी लागते. मुलगी सोऱ्या धरून दांडा फिरवते, मुलगा खाली ताट सरकवत राहतो आणि बोटभर लांबीची पट्टी झाली की सुरीने तोडतो. हे दोघे इतके एकचित्ताने एरवी क्वचितच काही करतात. गेल्या वर्षी मुलीच्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या आईने तो सोऱ्या मागून नेला आणि परत देताना त्यात तिच्या घरच्या बिस्किटांची पुडी घालून दिली. भांडे रिकामे परत करायचे नाही, हा संस्कार तिच्याही घरातला आहे हे पाहून मला फार बरे वाटले.

आम्ही स्वतः घरी कधीच केला नाही असा प्रकार म्हणजे श्प्रिंगर्ले. तो शेजारच्या आजींचा. मुले त्यांना ओमा म्हणतात. अंडी, पिठीसाखर आणि मैदा यांच्या घट्ट पिठावर नासपतीच्या लाकडाचा कोरीव साचा दाबून घोडेस्वार, फुले, पक्षी असे ठसे उमटवायचे आणि ते तुकडे रात्रभर उघड्यावर वाळू द्यायचे. पीठ फुलण्यासाठी त्यात अमोनियाचा एक क्षार घालतात, जो पूर्वी हरणाच्या शिंगांपासून काढत असत. वरचा भाग वाळून कडक झाल्यामुळे भट्टीत पीठ फक्त खालून फुगते आणि ठशाखाली एक सुबक पायरी तयार होते; ओमा तिला पाय म्हणतात. हे पाय नीट फुटले नाहीत तर त्या ती खेप कोणालाही देत नाहीत. तांदूळ तीन दिवस भिजवून केलेल्या अनारशाला जाळी पडली नाही की माझी आई जशी गप्प होते, तशाच ओमा त्या दिवशी गप्प असतात. खाली बडीशेपेसारख्या आनिसचे दाणे पसरलेले असतात. ताजी श्प्रिंगर्ले दगडासारखी कडक लागतात, म्हणून डब्यात सफरचंदाची फोड ठेवून ती मऊ होऊ देतात. यंदा ओमांनी मुलीला शेजारी बसवून साचा तिच्या हाती दिला. पिठावर तो किती जोराने दाबायचा हे त्यांनी तोंडाने सांगितले नाही; तिच्या हातावर आपला हात ठेवून दाखवले.

मी लहान असताना आमच्या घरी भट्टी नव्हती. तेव्हा नाशिकमध्ये कोणाकडेच नसे. दिवाळीआधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मैदा, साखर आणि तूप डब्यांत भरून आई मला बेकरीत घेऊन जाई. तिथे आपल्याच सामानाची नानकटाई डोळ्यांसमोर करून मिळे. मोठ्या काळ्या पत्र्यांवर गोळे मांडले जात, प्रत्येक घराचा पत्रा लक्षात ठेवावा लागे आणि आपला नंबर येईपर्यंत बायका तिथेच बसून गप्पा मारत. भाजण्याचा माझा पहिला संबंध तोच. त्यामुळे आपल्या सणांत भाजणे नसते असे कोणी म्हणाले की मला पटत नाही. फरक इतकाच की आपण ते गल्लीतल्या भट्टीवर मिळून करत होतो. मुलांना मी हे सांगितले तेव्हा मुलाने विचारले, "मग आजीला तिचाच पत्रा कसा ओळखू यायचा?" आजीने फोनवर त्याचे उत्तर इतके रंगवून दिले की त्या संध्याकाळी बिस्किटांचे काम तसेच राहिले.

सामानाच्या बाबतीत इथे एक सोय आहे, ती लिहून ठेवतो. मैद्याच्या पाकिटावर आकडा छापलेला असतो: बारीक बिस्किटांसाठी 405, पावासाठी 550. शंभर ग्रॅम कोरडे पीठ जाळल्यावर साधारण किती मिलिग्रॅम खनिजे उरतात, ते हा आकडा सांगतो. करंजी आणि शंकरपाळ्यांनाही आम्ही 405 च वापरतो. लेबकुखनच्या मसाल्याच्या पुडीत दालचिनी, लवंग, धने, वेलदोडा आणि जायफळ असते. नाशिकच्या कोणत्याही घरात तो उघडला तर कोणी परका म्हणणार नाही.

आता जाण्याविषयी. जर्मनीत भाड्याचे घर सोडायचे तर साधारण तीन महिने आधी लेखी कळवावे लागते, घर परत देताना बहुधा भिंती रंगवून द्याव्या लागतात आणि नव्या घरी गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो. भारतातल्या वाचकांना नवल वाटेल ते स्वयंपाकघराचे. इथे अनेक घरे रिकाम्या स्वयंपाकघरासह मिळतात. कपाटे, ओटा, बेसिन आणि भट्टी भाडेकरूने आपली आणायची आणि जाताना काढून न्यायची किंवा पुढच्या भाडेकरूला विकायची. हॅम्बुर्गच्या घरात स्वयंपाकघर आधीच बसवलेले आहे, त्यामुळे आमचे आम्ही इथेच विकले. व्यवहार ठरला त्या दिवशी मुलगा भट्टीसमोर जमिनीवर बसून राहिला. खेळणी, पलंग, सायकल सगळे बरोबर येणार आहे हे त्याला माहीत होते. भट्टी येणार नाही हे त्याला पटत नव्हते.

अशा वेळी तिकडे याहून छान भट्टी आहे, तिकडे मोठे बंदर आहे, जहाजे आहेत, असे सांगून मुलांना गप्प करण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती मला योग्य वाटत नाही. जे सुटते आहे ते चांगले होते, हे मुलाला मोठ्यांच्या तोंडून ऐकायला मिळाले पाहिजे. आम्ही त्याला तसेच सांगितले: ही भट्टी चांगली होती, आम्हालाही ती सोडवत नाही. मग येणाऱ्या भाडेकरूंसाठी त्याने बोलून आणि बहिणीने लिहून एक कागद तयार केला. डाव्या कोपऱ्यात आच जास्त लागते, म्हणून पत्रा मध्ये एकदा फिरवावा; दार जोरात लावू नये; आतला दिवा उशिरा लागतो. तो कागद भट्टीच्या दाराला चिकटवला आहे आणि त्यानंतर त्या विषयावर रडारड झालेली नाही.

मुलाची दुसरी अडचण अधिक गंभीर होती. दक्षिण जर्मनीत नाताळच्या भेटी बालख्रिस्त, म्हणजे क्रिस्टकिंड, आणतो. उत्तरेत ते काम पांढऱ्या दाढीच्या वाइनाख्टस्मानकडे असते. मग पुढच्या वर्षी यादी कोणाला पाठवायची? सहा डिसेंबरला येणारा संत निकोलाउस मात्र दोन्हीकडे तोच असतो आणि आदल्या रात्री दाराबाहेर ठेवलेल्या पुसलेल्या बुटांत अक्रोड, संत्री आणि चॉकलेट ठेवून जातो, हे कळल्यावर त्याची निम्मी काळजी मिटली. उरलेल्या निम्मीवर बहिणीने तोडगा काढला की यादीच्या दोन प्रती करायच्या.

मुलीला आधार मिळाला तो वेगळ्याच माहितीतून. आडव्हेंटच्या दर रविवारी एकेक मेणबत्ती पेटवतात त्या चक्राची प्रथा हॅम्बुर्गचीच आहे. योहान हिनरिश विशर्न यांनी 1839 मध्ये तिथल्या आपल्या अनाथाश्रमात, नाताळ किती लांब आहे असे रोज विचारणाऱ्या मुलांसाठी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या लहान लाल. दुसरीकडे, नाताळपर्यंत रोज एक उघडायची अशा चोवीस खिडक्यांचा छापील आडव्हेंट कॅलेंडर रूढ करणारे गेरहार्ड लांग हे स्टुटगार्टपासून फार दूर नसलेल्या माउलब्रॉनचे. लहानपणी त्यांच्या आईने पुठ्ठ्यावर चोवीस बिस्किटे लावून दिली होती, असे सांगतात. एक गोष्ट आपल्या जुन्या गावाकडची आणि एक नव्या गावची, असे मुलीने वर्गात उभे राहून सांगितले. त्यानंतर ती आपल्या मैत्रिणींकडे हॅम्बुर्गबद्दल स्वतःहून बोलू लागली.

ओमांसाठी आम्ही लाडवांचा डबा भरून ठेवला आहे आणि सोऱ्याही त्यांनाच देऊन जाणार आहोत, कारण आईने दुसरा पाठवायचे कबूल केले आहे. त्यांनी त्यांच्या साच्यांपैकी घोडेस्वाराचा साचा मुलीला दिला. तो घ्यावा की घेऊ नये यावर आम्ही दोघे बराच वेळ बोललो. तो त्यांच्या आईचा होता. शेवटी ओमांनीच स्पष्ट सांगितले की वापरात नसलेले लाकूड तडकते, आणि विषय संपवला.

आई उन्हाळ्यात हॅम्बुर्गला येणार आहे. ती अंडे खात नाही, त्यामुळे आजवर इथल्या बहुतेक बिस्किटांचे तिने फक्त फोटो पाहिले. उत्तर जर्मनीत हायडेझांड नावाचे एक बिस्किट करतात, त्यात अंडे नसते. लोणी कढवून तपकिरी करायचे, थंड होऊन घट्ट झाले की साखरेबरोबर फेसायचे, मैदा आणि चमचाभर दूध घालून त्याच्या जाड वळ्या करायच्या आणि गार झाल्यावर कापून भाजायच्या. हे नाताळचे बिस्किट असले तरी नव्या घरात ते जुलैमध्ये करायचे असे मुलांनी ठरवले आहे. लोणी किती कढवायचे आणि आच कधी बंद करायची हे आजीनेच सांगायचे, असे मुलीने तिला फोनवर बजावून ठेवले आहे.