महाबळेश्वरपेक्षा पुणे गार!

डिसेंबर-जानेवारीत ही बातमी येतेच, आणि आली की ग्रुपवर कोणीतरी टाकतंच, "कशाला जायचं महाबळेश्वरला, इथेच स्वेटर घालून बसू." पुणेकरांना कशातही पहिला नंबर आला की बरं वाटतं म्हणा. पण बातमी खोटी नसते. पुणं साधारण 560 मीटरवर, महाबळेश्वर 1,350 च्या आसपास, हजार मीटरला साडेसहा अंश धरले तर वर पाचेक अंश तरी कमी हवेत आणि दुपारी असतातही, इथे तीसला टेकलेलं असतं तेव्हा वर चोवीस-पंचवीस. घोळ होतो तो रात्री.

ऊन गेलं की जमीन गार पडते, तिला टेकलेली हवा गार होऊन जड होते आणि उताराने घरंगळत खोलगट भागात जाऊन साचते. माथ्यावर तिच्या जागी आजूबाजूची मोकळी हवा येते, जी रात्रीतून फारशी निवलेलीच नसते. म्हणून वर दिवस-रात्रीचा फरक दहाएक अंशांचा आणि पुण्यात सतरा-अठराचा, सकाळी जॅकेट-कानटोपी आणि दुपारी तेच सगळं डिकीत कोंबायचं.

गंमत म्हणजे खुद्द महाबळेश्वरातही हेच चालतं. दवबिंदू गोठल्याचे फोटो बाजारपेठेतले नसतात, खालच्या अंगाच्या वेण्णा लेकचे नाहीतर लिंगमळ्याचे असतात, जेटीवर पांढरा थर, गाडीच्या टपावर बोटाने नाव लिहावं एवढं हिम, स्ट्रॉबेरीची पानं कडक. आणि वेधशाळेचा आकडा मात्र आठ-नऊ! लोक लगेच नावं ठेवतात, पण तिथला थर्मामीटर वर गावात, तोही जमिनीपासून चारेक फुटांवर, आणि स्वच्छ आभाळाच्या रात्री पानं-टप हवेपेक्षाही गार होतात.

निफाडची उंची पुण्याएवढीच, पण तिथे पारा पडला की द्राक्षवाल्यांची झोप उडते. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या, शिवाय पाणी सोडायचं, विहिरीचं पाणी त्या हवेपेक्षा उबदारच असतं.

तेव्हा थंडीच खायची तर पुणं पुरे. महाबळेश्वर गाठावं ते एप्रिल-मेमध्ये, इथे दुपारी चाळीसला टेकतं तेव्हा वर तीस-बत्तीसवर भागतं. पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागते ते वेगळं.