बॅटलीच्या चिंध्या, हरिपूरची वाकळ

सांगलीजवळच्या आमच्या हरिपुरात कापड पायरी पायरीने खाली उतरायचं. आज्जीचं इरकल नेसून नेसून विरलं की त्याचा मऊ भाग बाळंतिणीच्या घरी दुपट्याला जायचा. उरलेलं वाकळेच्या, म्हणजे गोधडीच्या, पोटात. वाकळ फाटली की तिच्या चांगल्या कोपऱ्याची चुंबळ, चुंबळ चेपली की पायपुसणं, आणि पायपुसण्याचा शेवट बंबात. दर पायरीला त्या कापडाला नवं नाव मिळायचं. इंग्लंडातल्या लीड्सला येऊन मला आता आठ वर्षं झाली, पण पहिल्या हिवाळ्यात मनाला लागलेली गोष्ट अजून आठवते. इथे कपडा घालायचा बंद झाला की त्याला नावच उरत नाही. काळी प्लॅस्टिकची पिशवी, तिला गाठ, आणि ती कोपऱ्यावरच्या चॅरिटी शॉपच्या दारात.

चॅरिटी शॉप म्हणजे काय ते तिकडच्यांसाठी सांगते. लोक नको असलेल्या वस्तू फुकट आणून देतात, आमच्यासारखे स्वयंसेवक त्या निवडून, वाफेच्या इस्त्रीखालून काढून मांडतात, आणि विक्रीचा पैसा संस्थेच्या कामाला जातो. नोकरी मिळेपर्यंत घरात बसवेना म्हणून मी अशा एका दुकानात मंगळवारी आणि गुरुवारी जायला लागले. पुढे हँगरवर टांगलेले कपडे छान दिसतात. खरा प्रकार मागच्या खोलीत असतो. काही आठवडे टांगून जे खपत नाही, ज्याला डाग आहे, ज्याचं बटण गेलंय, ते सगळं पोत्यात भरलं जातं आणि चिंधीवाला व्यापारी किलोवर घेऊन जातो. एकदा लोकरीच्या स्वेटरांचं पोतं बांधताना मी तिथल्या मुख्य बाईंना विचारलं, हे पुढे कुठे जातं? त्या सहज म्हणाल्या, "बरंचसं तुमच्याकडेच. पानिपतला."

मराठी माणसाला पानिपत म्हटलं की दुसरं काही सुचत नाही. 14 जानेवारी 1761. आमच्या शाळेतल्या बाई तो धडा शिकवताना थांबायच्या, पाणी प्यायच्या आणि मग पुढे जायच्या. त्याच पानिपतात आज युरोप-अमेरिकेतले उतरलेले लोकरी कपडे येऊन पडतात हे मला लीड्सच्या मागच्या खोलीत कळलं. आपल्याकडे चिंधी म्हणून माल आणायचा तर कपडे आधी कापून निकामी करावे लागतात, म्हणजे ते पुन्हा कपडे म्हणून बाजारात जाऊ नयेत. तिथे बायका बटणं, चेन, अस्तर काढतात आणि रंगारंगाचे ढीग करतात. लाल लालात, निळा निळ्यात. रंग आधीच वेगळे केल्यामुळे पुन्हा रंगवावं लागत नाही. मग यंत्रावर पिंजून त्याचा परत धागा, आणि धाग्याची ब्लँकेटं.

या धाग्याला शॉडी म्हणतात, आणि शॉडीचं जन्मगाव माझ्या घरापासून रेल्वेने पाव तासावर आहे. बॅटली. तिथल्या बेंजामिन लॉ नावाच्या माणसाने 1813 मध्ये लोकरीच्या चिंध्या फाडून, त्यात थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढायची युक्ती बसवली. तेव्हा पुण्यात दुसरे बाजीराव गादीवर होते आणि सांगलीत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन. पुढे शंभर-दीडशे वर्षं बॅटली आणि शेजारच्या ड्यूजबरीत जगभरातून चिंध्यांच्या गाठी यायच्या. फाडणाऱ्या यंत्राच्या ढोलाला लोखंडी दात असायचे, कामगार त्याला 'डेव्हिल' म्हणजे सैतान म्हणायचे. इंग्रजीत आज शॉडी हा शब्द हलक्या, फसव्या कामासाठी वापरतात. मला तो शब्द तसा ऐकला की वाईट वाटतं. ज्या कामाने इतक्या गरिबांच्या अंगावर उबेचा कोट आणला, त्याच्या नावाची शिवी झाली.

बॅटलीत भरूच-सुरतेकडून 1960 च्या दशकात गिरणीकामाला आलेल्यांची मोठी वस्ती आहे. तिथल्या एका गुजराती काकींनी मला चहा पाजत सांगितलं की त्यांचे यजमान रात्रपाळी करून आले की भुवयांवरसुद्धा धूळ असायची, आणि त्या धुळीचा रंग रोज वेगळा. लोकर फाडताना जी धूळ नि बारीक कचरा उरायचा तोही वाया जात नसे. वेकफिल्डच्या आसपास रुबार्ब नावाची आंबट लालसर देठांची भाजी होते, तिच्या शेतात तो कचरा खत म्हणून घालायचे. लोकरीत नत्र असतो आणि तो मातीत सावकाश सुटतो. हे मी फोनवर बाबांना सांगितलं. बाबांनी जन्मभर ऊस आणि हळद केली. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे त्यांनीबी शेवटची पायरी मातीतच ठेवली होती म्हण की."

हे सगळं मी नुसतं ऐकत होते. हातात सुई घेतली ती 2019 च्या महापुरानंतर.

त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फुटांची. हरिपूर तर कृष्णा-वारणेच्या संगमावर, आमच्या घरात माळ्याच्या खालपर्यंत पाणी. आई-बाबा होडीतून निघाले, दोन रात्री एका शाळेत काढल्या, मग विश्रामबागला मामाकडे. मी इथे फोन उशाशी घेऊन. डिसेंबरात गेले तेव्हा भिंतीवर पाण्याची रेघ तशीच होती. 2005 च्या पुराने गावातली हळद साठवायची जमिनीतली पेवं खाल्ली होती, या वेळी आमच्या घरातली लोखंडी ट्रंक गेली. आत आज्जीची चार इरकली लुगडी, आईचं लग्नातलं रेशमी, खणाचे तुकडे. रेशीम हाताला लावलं की घडीवर चिरत होतं. सुती इरकलं मात्र आईने रिठ्यात तीन वेळा धुऊन, उन्हात वाळवून ठेवली होती. बुरशीचे करडे ठिपके गेले नव्हते. बोहारणीनेही ती घेतली नाहीत.

"टाकून दे आता," आई म्हणाली, पण ट्रंकेवरचा हात काढेना.

माळ्यावर अजून एक गोष्ट सापडली, पुरात शाळेतल्या मदत शिबिरात आईला मिळालेलं करडं ब्लँकेट. उजेडात धरलं तर त्या करड्यात निळे, लाल, पिवळे बारीक तंतू. कुठलीच चिठ्ठी नव्हती, पण मी तो धागा ओळखला. आपत्तीत वाटायची ब्लँकेटं मोठ्या प्रमाणावर शॉडीचीच असतात. मी ज्या पोत्यांना लीड्समध्ये गाठ मारत होते, तसल्याच कुठल्यातरी पोत्यातलं काहीतरी माझ्या आईच्या अंगावर येऊन पोहोचलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. परत निघताना मी चारही इरकलं बॅगेत घातली.

आता कामाबद्दल, म्हणजे या जुन्या कापडांच्या पिशव्या-बटव्यांबद्दल, कारण बऱ्याच जणींनी 'नक्की कसं करतेस' असं विचारलंय.

जुनं कापड कुठे थकलंय ते आधी वाचावं लागतं. लुगडं बसण्या-उठण्याच्या जागी आणि पायाशी विरतं, काठ मात्र टिकतो कारण तिथे ताण्याचे, म्हणजे उभे, धागे दाट असतात. म्हणून पिशवीचा बंद मी काठाचा करते आणि अंगाच्या कापडाचं अस्तर. इरकलात पदर वेगळ्या ताण्याचा असतो, तो अंगाच्या ताण्याशी एकेक फासा अडकवून जोडलेला असतो, त्याला कोंडी म्हणतात. त्या जोडावर कात्री चालवायची असेल तर आधी दोन्हीकडून टीप मारून घ्यायची, नाहीतर हातात नुसते धागे येतात. पहिल्या लुगड्याला मी हे विसरले. टोप पदराची एक वीतभर पट्टी माझ्या डोळ्यांदेखत उसवत गेली. ज्वारीच्या कणसासारखी पांढरी नक्षी होती तिच्यावर.

बाहेरच्या बाजूला मी इथल्या पुरुषांचे जुने ट्वीडचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे, कोट वापरते. ते कोपरांना आणि खिशाच्या कडेला झिजतात, पाठ तशीच कोरी असते. कोट कधी कापत नाही, शिवण उसवते. त्यात वेळ जातो, पण आत दुमडलेलं दोन बोटं कापड मिळतं, आणि त्याच्यावर ऊन पडलेलं नसल्यामुळे मूळ रंग तिथे सापडतो. टाय फार मोहात पाडतात, रेशमी असतात, चॅरिटी शॉपात ढिगाने मिळतात. पण टाय उरेब, म्हणजे तिरका, कापलेला असतो, म्हणून ताणतो. माझ्या सुरुवातीच्या सहा पिशव्यांचे बंद टायचे होते. सामान भरलं की ते गुडघ्यापर्यंत लोंबायला लागले. मी सहाही परत घेऊन आतून सुती पट्टी लावून दिल्या. आता टायचे बटवे आणि चष्म्याची घरं करते, तिथे तो ताण उपयोगीच पडतो. आणि चिठ्ठी नसलेल्या कापडाचा एक धागा आधी जाळून पाहायचा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास, लोकर किंवा रेशीम असेल तर केस जळल्याचा, आणि पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. असा मणी झाला की त्याच्यावर गरम इस्त्री ठेवायची नाही.

सगळ्यात जास्त मागणी चंचीला आहे, याचा मला फार आनंद होतो. आमच्या आजोबांची पान-सुपारीची चंची, खणात खण असलेली, गुंडाळून दोरीने बांधायची. मी तीच केली, बाहेर ट्वीड, आत इरकल. इथले लोक तिच्यात चार्जरच्या वायरी, शिवणाचं सामान, रंगाचे ब्रश ठेवतात. मी तिला चंचीच म्हणते. शनिवारच्या बाजारात माझ्या टेबलावर पाटी आहे, तिच्यावर देवनागरीत 'चंची' लिहिलंय आणि गिऱ्हाईकं तो शब्द मन लावून म्हणून बघतात.

त्याच टेबलाशी गेल्या थंडीत नव्वदीच्या घरातल्या एक आजी आल्या. त्यांनी पिशवी आधी उलटी केली आणि आतली शिवण पाहिली. आमच्या आज्जीने अगदी तेच केलं असतं. मग त्यांनी सांगितलं की त्या लहान असताना कपड्याला कूपन लागायचं. 1 जून 1941 ला इथे कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं, पहिल्या वर्षी माणशी 66 कूपन, आणि ते 1949 पर्यंत चाललं. त्यांच्या आईने वडिलांच्या कोटातून त्यांना स्कर्ट शिवला होता, स्कर्टातून पुढे धाकट्या भावाची टोपी. म्हणजे पायऱ्या इथेही होत्या. माझी पहिल्या हिवाळ्यातली समजूत अपुरी होती, आणि ती त्या आजींनी पुरी केली.

पैशाचंही स्पष्ट सांगते, कारण 'चिंध्यांना इतके पैसे?' हे मी इथेही ऐकते आणि सांगलीतही. गेल्या डिसेंबरात हरिपूरच्या पारावर एका काकूंनी विचारलं, "काय गं, तिकडं जाऊन चिंध्या विकतीस व्हय?" मी हो म्हणाले आणि त्यांच्या शेजारी बसून हिशेब सांगितला. एका पिशवीला उसवण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत साडेतीन तास लागतात. इथलं कायद्याने ठरलेलं किमान वेतन एप्रिल 2025 मध्ये तासाला 12.21 पाउंड झालं. म्हणजे नुसती मजुरीच 42 पाउंडांच्या वर. कापड स्वस्त आहे, हात स्वस्त नाही. काकू विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "आन् तुझ्या मावशीनं पंधरा दिवस वाकळ शिवली, तिला मिळालं 600."

हे मला आजवर कुणी इतकं सरळ ऐकवलं नव्हतं. पंधरा दुपारी, चार थर, धावदोऱ्याच्या भाताच्या शितासारख्या सारख्या ओळी, आणि 600 रुपये. इथल्या एका दुकानदाराने मला मोठी मागणी देऊ केली होती. अट अशी की प्रत्येक वस्तूला गावाकडच्या बाईचा फोटो आणि 'गरीब हातांनी शिवलेलं' अशा अर्थाची चिठ्ठी हवी. मी नाही म्हणाले. मावशीला गरीब म्हणून मी तिची शिवण विकणार नाही. जानेवारीपासून मावशी आणि गल्लीतल्या दोघी चंचीचे आतले कप्पे शिवतात, आणि त्यांचा दर आम्ही चौघींनी बसून तासावर ठरवला. वस्तूवर नाही, तासावर. पहिल्यांदा मावशी घड्याळ लावायलाच तयार नव्हती. "शिवताना कुनी तास मोजतं का?" आता तीच मला तासांची वही व्हॉट्सॲपवर पाठवते, शाळकरी अक्षरात, उसवण्याचे तास वेगळे नि शिवण्याचे वेगळे.

चारपैकी तीन इरकलं संपली. चौथ्याच्या पदराजवळ पुराच्या पाण्याची फिकी रेघ आहे, ते अजून कापलेलं नाही. आईला विचारलं, तर म्हणाली त्याची वाकळच कर, तुझ्या लेकीला होईल, थंडी असते ना तिकडं. मला वाकळ येत नाही. कोपऱ्यापासून आत आत टाके घालत जायचं एवढंच ठाऊक आहे. या रविवारी तुमच्याकडच्या दुपारी तीनला मावशी कॅमेरा गुडघ्याला टेकवून बसणार आहे, आणि मी इथे सकाळी जमिनीवर पहिला थर अंथरणार आहे.